जादूगाराचा हिशेब

परीकथेतल्या जादूगाराचं काम ठरलेलं असतं. अडलेल्याची नड भागवायची, नाहीतर भल्या माणसाच्या वाटेत काटे पेरायचे, आणि काम उरकलं की गोष्टीतून निघून जायचं. आपल्या जादूचं पुढं काय झालं, याची चौकशी करायला तो सहसा परत येत नाही. १ जानेवारी १९७९ रोजी सोव्हिएत दूरचित्रवाणीवर पहिल्यांदा दाखवलेल्या ‘अबिक्नवेन्नोये चूदो’ म्हणजे ‘साधासा चमत्कार’ या दोन भागांच्या चित्रपटातल्या जादूगाराला मात्र असं निघून जाता येत नाही. आपणच मांडलेला खेळ तो शेवटपर्यंत बघतो, मध्येच त्यात हात घालतो, चिडतो, खंतावतो, आणि ऐन मोक्याला त्याच्या हातात काहीच उरत नाही. येवगेनी श्वार्त्स यांच्या नाटकावरून मार्क झाखारोव यांनी केलेला हा चित्रपट रशियन भाषकांच्या दोन-तीन पिढ्यांना जवळपास पाठ आहे; त्यातली वाक्यं तिथं लोकांच्या बोलण्यात येऊन बसली आहेत. त्याच्याविषयी लिहिणारे त्याला एकतर प्रेमकथा म्हणतात, नाहीतर सत्तेची आडून केलेली टवाळी. दोन्ही गोष्टी त्यात आहेत, हे कोण नाकारेल? पण चित्रपटाचा कणा मला वेगळ्या ठिकाणी दिसतो. दुसऱ्यांची आयुष्यं इकडची तिकडं करण्याची ताकद ज्याच्या हातात आहे, त्यानं त्या ताकदीचा हिशेब द्यायचा की नाही, आणि द्यायचा तर कसा, हा त्यातला मुळातला प्रश्न आहे. प्रेम आणि टवाळी या दोन्ही गोष्टी त्याच प्रश्नाच्या पोटातून बाहेर येतात.

कथा थोडक्यात अशी. डोंगरातल्या एका घरात जादूगार बायकोसोबत राहतो. लग्न झाल्यापासून नीट वागायचं त्यानं ठरवलेलं आहे, पण अधूनमधून हात शिवशिवतात. काही वर्षांपूर्वी रानात त्याला एक तरुण अस्वल भेटलं. ते आवडलं म्हणून त्यानं त्याचा माणूस करून टाकला. अट एवढीच की एखाद्या राजकन्येनं प्रेमात पडून त्याचं चुंबन घेतलं, तर तो पुन्हा अस्वल होईल. आता हा माणूस झालेला तरुण परत आला आहे आणि त्याला माणूसपणाचा कंटाळा आलाय. परत रानात जायचंय. जादूगार त्याच्यासाठी एका राजाची स्वारी रस्ता चुकवून आपल्या दाराशी आणतो. राजासोबत त्याची मुलगी आहे. तरुणाला अंगणात ती दिसते, आवडते, आणि ती राजकन्या आहे हे त्याला कळण्याआधीच तो तिच्यात गुंतलेला असतो. कळल्याबरोबर तो पळतो, कारण आता चुंबन म्हणजे तिच्या डोळ्यांदेखत जनावर होणं. ती अपमानानं पेटून मुलाचे कपडे चढवते आणि त्याच्या मागावर निघते. बर्फाच्या वादळात एका खानावळीत दोघांची गाठ पडते, भांडण होतं, आणि तो पुन्हा चुंबन टाळून निघून जातो. तिरीमिरीत ती राजाच्या प्रशासक मंत्र्याशी लग्नाला होकार देते. पुढं विरहानं ती मरणाच्या दारात पोहोचते तेव्हा अस्वल परत येतो आणि या वेळी मागं हटत नाही. चुंबन होतं. आणि तो माणूसच राहतो.

इतकी सोपी गोष्ट लिहायला श्वार्त्स यांना दहा वर्षं लागली, हे लक्षात घेण्यासारखं आहे. १८९६ साली कझानला जन्मलेला हा लेखक तरुणपणी नट म्हणून पेट्रोग्राडला आला आणि पुढं सामुईल मार्शाक यांच्या हाताखाली मुलांसाठीच्या प्रकाशनात रमला. सोव्हिएत बालसाहित्य मराठी घरांत रादुगा आणि प्रगती प्रकाशनाच्या गुळगुळीत कागदावरच्या पुस्तकांमधून पोहोचलं; त्या साहित्याची लेनिनग्राडमधली ही सुरुवातीची भट्टी. ती १९३७ साली फोडली गेली. श्वार्त्स यांचे जवळचे मित्र निकोलाय ओलेनिकोव यांना त्याच वर्षी गोळी घातली गेली, कवी झाबोलोत्स्की छावणीत गेले, दानिल खार्म्स १९४२ साली तुरुंगाच्या इस्पितळात वारले. श्वार्त्स वाचले. अँडरसनच्या कथा हाताशी घेऊन त्यांनी ‘नागडा राजा’, ‘हिमराणी’, ‘सावली’ अशी नाटकं लिहिली, आणि युद्धात मध्य आशियातल्या स्टालिनाबादला असताना ‘ड्रॅगन’ पुरं केलं. हुकूमशहाच्या सवयीची होऊन गेलेली प्रजा हा त्याचा विषय. निकोलाय अकिमोव यांनी ते १९४४ साली बसवलं आणि लगेचच त्यावर बंदी आली. त्याच वर्षी श्वार्त्स यांनी नवं नाटक हातात घेतलं, त्याचं नाव होतं ‘अस्वल’. पहिला अंक झाला, पण शेवटापर्यंत जाता जाता गाडी अडली. नाटक पुरं झालं १९५४ साली, स्टालिनच्या मृत्यूनंतरच्या वर्षी. जानेवारी १९५६ मध्ये एरास्त गारिन यांनी मॉस्कोत ते रंगमंचावर आणलं. पाठोपाठ लेनिनग्राडला अकिमोव यांनी. ख्रुश्चेव्ह यांचं स्टालिनविरोधी गुप्त भाषण त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतलं. म्हणजे नाटकाचा आरंभ दहशतीच्या काळातला आणि शेवट बर्फ वितळायला लागल्यानंतरचा. अडलेली जागा शेवटाची होती यात मला नवल वाटत नाही. ‘ड्रॅगन’ लिहिणाऱ्याला दुष्ट राजा उभा करायला वेळ लागत नाही; पण चांगल्या मनाचा, हुशार, प्रेमळ माणूस निव्वळ हौसेपायी एखाद्या जिवाचं आयुष्य पालटून टाकतो, तेव्हा त्याला कुठल्या न्यायालयात उभं करायचं? हा प्रश्न दहा वर्षांचा आहे.

या प्रश्नाचं पहिलं, आणि सगळ्यात गमतीदार, उत्तर राजाच्या रूपानं येतं. येवगेनी लिओनोव यांनी केलेला हा राजा बसका, गोल चेहऱ्याचा, कुणालाही आपल्या आळीतला वाटावा असा. मुलीवर त्याचा मनापासून जीव आहे. पण प्रवासाला निघतानासुद्धा जल्लाद सोबत घेतल्याशिवाय त्याला करमत नाही. घरात आल्या आल्या तो यजमानीणबाईंशी गप्पा मारतो, आपण किती भयंकर माणूस आहोत हे मोकळेपणानं सांगतो, आणि सांगता सांगता पेल्यात विष घालून मोकळा होतो. उघडकीला आल्यावर तो ओशाळतो, पण वेगळ्याच कारणासाठी. त्याच्या म्हणण्याप्रमाणे हे त्यानं केलेलंच नाही. त्याच्या घराण्यात काका, मामा, आत्या, आजोबा असे एकाहून एक नग होऊन गेले. कधी या पूर्वजाचा स्वभाव त्याच्या अंगात येतो, कधी त्या पूर्वजाचा, आणि बिचाऱ्याला त्यांच्या पापांचे हप्ते फेडावे लागतात. लिओनोव हे सगळं इतक्या कळवळून सांगतात की बघणाऱ्याला हसू येता येता त्याची दया येते, आणि मग आपण कुणाची दया करतोय हे ध्यानात येऊन चपापायला होतं. ज्याच्या हातात सगळी सत्ता आहे, तोच स्वतःला सगळ्यात हतबल समजतो. राजाचं आणखी एक प्रकरण आहे, ज्याच्याकडं कमी लक्ष जातं. मुलगी निर्मळ मनाची निपजली म्हणून त्यानं तिच्याभोवती दरबारातली घाण दिसणार नाही अशी खोटी दुनिया उभी केली, आणि ती मोठी होऊन तिला खरं कळायला लागलं तेव्हा तिला घेऊन प्रवासाला निघाला. म्हणजे दुसऱ्याच्या आयुष्याची रचना करण्याचा नाद एकट्या जादूगाराला नाही. बापालाही आहे, आणि प्रेमापोटीच आहे.

दुसरं उत्तर प्रशासक मंत्र्याचं, आणि ते आंद्रेई मिरोनोव यांनी अशा झोकात दिलं आहे की पुढं त्या भूमिकेत दुसऱ्या कुणाची कल्पना करणं अवघड होऊन बसलं. हा माणूस हिशेब द्यायचा प्रश्नच उद्भवू देत नाही. परक्या घरात पाऊल टाकताच तो घरमालकिणीला, जणू सामानाची यादी वाचून दाखवावी तशा सुरात, रात्री भेटण्याची वेळ आणि जागा सांगून टाकतो. प्रस्तावना नाही, संकोच नाही, नकार ऐकण्याची शक्यताही धरलेली नाही. फुलपाखरू आणि चिमण्यावरचं एक वात्रट गाणं तो गातो, आणि त्या गाण्यातही कोण कुणाला गिळतं एवढाच मुद्दा असतो. राजकन्येशी लग्न ठरल्यावर सगळा राज्यकारभार सहज त्याच्या हातात जातो. कुणी उठाव करत नाही, तलवार उपसत नाही. राजा खचलेला असतो, बाकीच्यांना रोजचं काम असतं, आणि याच्याकडं मात्र भरपूर वेळ आणि शून्य लाज असते. याच्या जोडीला श्वार्त्स यांनी एक शिकारी आणला आहे, तो तर लेखकानं आपल्याच जातभाईंना काढलेला चिमटा वाटतो. हा नावाजलेला शिकारी आता बंदूक हातात धरत नाही. मिळालेलं नाव टिकवायचं, प्रमाणपत्रं गोळा करायची, दुसऱ्या शिकाऱ्यांना खाली खेचायचं, यात त्याचा सगळा दिवस जातो. लेखक संघ, पदव्या आणि पारितोषिकं यांच्या दुनियेत वावरलेल्या श्वार्त्स यांना नमुना शोधायला फार लांब जायची गरज नव्हती. पण हाच नाकर्ता शिकारी पुढं अस्वलाला मारायला भाड्यानं मिळतो. नाव जपणाऱ्या माणसाला शेवटी काम मिळतं ते कुणाच्यातरी हुकुमावरून जीव घेण्याचं.

आता जादूगार. ओलेग यान्कोव्स्की यांना ही भूमिका करण्याआधी हृदयविकारानं गाठलं होतं आणि झाखारोव यांनी दुसरा नट न घेता त्यांची वाट पाहिली, ही गोष्ट या चित्रपटाच्या दंतकथेचा भाग झाली आहे. झाखारोव यांना वाट का पाहावीशी वाटली असेल, ते पडद्यावर कळतं. श्वार्त्स यांच्या नाटकात या पात्राचं नाव नुसतं ‘घरधनी’ आहे. दाढीवाला, धिप्पाड, घरंदाज माणूस म्हणून तो सहज रंगवता येतो. झाखारोव यांनी त्याला सडपातळ, अस्वस्थ आणि लेखकाच्या जवळचा केला. तो गोष्ट रचतो आहे आणि ती रचतानाच बघतो आहे, असं सतत वाटत राहतं. पात्रं त्याच्या पाहुण्यांसारखी येतात, पण एकदा आली की त्याचं ऐकेनाशी होतात. याच बदलामुळं चित्रपटाचा भार अस्वलाकडून जादूगाराकडं सरकतो. तो राजासारखा पूर्वजांच्या मागं लपत नाही, मंत्र्यासारखा प्रश्न टाळत नाही. बायकोचा संताप तो ऐकून घेतो; इरिना कुपचेन्को यांनी केलेली ही बायको गोष्टीच्या सुरुवातीपासून एकच गोष्ट विचारते आहे, की त्या बिचाऱ्या जिवांशी तू हे का केलंस. त्याचं उत्तर शेवटाकडं येतं आणि ते विचित्र आहे. हे सगळं त्यानं तिच्यासाठी केलं. तिला हसू यावं, रडू यावं, आपलं प्रेम तिला दिसावं म्हणून माणसं गोळा केली आणि पत्त्यांसारखी पिसली. हे उत्तर सुंदर आहे, आणि नीट ऐकलं तर भयानकही. दुसऱ्यांच्या दुःखाचा नजराणा करून तो बायकोला देतो आहे. चित्रपट त्याच्या या उत्तरावर शिक्कामोर्तब करत नाही. बायकोच्या चेहऱ्यावरची काळजी त्या उत्तरानं ओसरत नाही.

इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. नाटकात तसं कुठं म्हटलेलं नाही, ही माझी जुळणी आहे. पण काळ बघता ती ओढूनताणून केलेली वाटू नये. स्टालिन यांनी १९३२ साली लेखकांना माणसांच्या आत्म्याचे इंजिनियर म्हटलं होतं. जुन्या माणसातून नवा माणूस घडवणं हे त्या राज्याचं जाहीर ध्येय होतं. अशा देशातला एक लेखक जनावरातून माणूस घडवणारा जादूगार रंगवतो, घडवलेला माणूस परत येऊन मला पूर्ववत कर म्हणतो, आणि घडवणाऱ्याला कळतं की आपण काय केलंय हे आपल्याला कळलेलंच नव्हतं. श्वार्त्स यांना हे राजकीय रूपक म्हणून सांगायचं असतं तर त्यांनी जादूगाराला खलनायक केला असता. त्यांनी तो स्वतःसारखा केला. नाटक त्यांनी पत्नी येकातेरिना यांना अर्पण केलेलं आहे, आणि घरातल्या जोडप्याच्या बोलण्यावागण्यात लेखकाचं घर डोकावतं. म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात सरकार किंवा राजा एकटा नाही. गोष्टी सांगणारा लेखकही उभा आहे. मित्र गेले आणि आपण मुलांसाठी परीकथा लिहीत राहिलो, असा प्रश्न ज्याला पडू शकत होता, त्या माणसाच्या लेखणीला हे शोभून दिसतं.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. चित्रपट बघणारे लाखो लोक जादूगाराच्या जबाबदारीसाठी बघत नाहीत; अलेक्सांद्र अब्दुलोव आणि येवगेनिया सिमोनोवा यांच्या देखण्या जोडीसाठी, गाण्यांसाठी, चुंबनासाठी बघतात. खरं आहे. पण ही प्रेमकथा ज्या पेचावर उभी आहे तो पेच तपासून बघा. अस्वल पळतो ते भित्रेपणामुळं की भलेपणामुळं? त्याचं म्हणणं, तिला इजा होऊ नये म्हणून मी दूर झालो. ऐकायला हे थोर वाटतं. जादूगार मात्र या गोष्टीवर भडकतो. त्याच्या लेखी चुंबन घेण्याची हिंमत न होणं म्हणजे प्रेमच कमी पडणं, आणि तो अस्वलाला अक्षरशः वाटेल ते बोलतो. कोण बरोबर? आपल्या कृतीचे परिणाम तोलून मागं सरणं ही जबाबदारी, की परिणाम माहीत असून पुढं होणं ही? अस्वलाच्या शहाणपणाचा परिणाम म्हणजे एक मुलगी मरणपंथाला लागते आणि एक राज्य मंत्र्याच्या घशात जातं. काहीही न करणं ही सुद्धा एक कृती होऊन बसते. या सगळ्यात राजकन्येची चाल सगळ्यात स्वच्छ आहे. ती कपडे बदलते, बर्फात निघते, चुकीच्या माणसाला रागानं होकार देऊन बसते, आणि प्रत्येक वेळी ते स्वतःच्या नावावर घेते. प्रौढ प्रेमाचा एक उपप्रवाहही आहे: खानावळवाला एमिल आणि दरबारातली एमिलिया, तरुणपणी ताटातूट झालेले. त्यानं डोंगरात काढलेल्या खानावळीला तिचं नाव दिलेलं असतं. येकातेरिना वासिल्येवा आणि युरी सोलोमिन यांच्या या भेटीत जादू नावालाही नाही. दोन मध्यमवयीन माणसं हळू आवाजात बोलतात, आणि मुख्य जोडीनं वेळ दवडला तर काय होतं याचा नमुना समोर बसलेला असतो. प्रेमकथा बाजूला काढली तर प्रश्न उरत नाही, आणि प्रश्न बाजूला काढला तर प्रेमकथेला अडथळाच उरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जाणकारांचा. ब्रेझ्नेव्हच्या काळातला प्रेक्षक ओळींच्या मधलं वाचायला तरबेज होता. त्याला हा चित्रपट आवडला तो त्यातल्या चोरट्या राजकारणासाठी, असं म्हटलं जातं. गाणी लिहिणारे युली किम यांचं उदाहरण दिलं जातं. मानवाधिकार चळवळीशी संबंध असल्यामुळं त्यांचं नाव पडद्यावर येऊ शकत नव्हतं, ते यू. मिखाइलोव या टोपणनावानं येतं. राजाच्या सबबी आणि मंत्र्याचा कारभार बघून लोक आपापल्या साहेबांना ओळखत असणार, यात शंका नाही. पण चित्रपट टिकला तो त्या टोमण्यांमुळं, हे मला पटत नाही, आणि पुरावा झाखारोव यांनीच नंतर दिला आहे. १९८८ साली, पेरेस्त्रोइकाच्या मोकळ्या हवेत, त्यांनी श्वार्त्स यांचं तेच बंदी आलेलं ‘ड्रॅगन’ पडद्यावर आणलं. यान्कोव्स्की ड्रॅगन, अब्दुलोव त्याला मारायला आलेला वीर, लिओनोव नगराध्यक्ष. तेच तीन नट. आता आडून बोलायची गरज नव्हती, आणि चित्रपट आडून बोलतही नाही. त्यात ताकदीचे प्रसंग आहेत. पण तो आज बघताना आपण एका विशिष्ट वर्षातली चर्चा ऐकतोय असं वाटत राहतं. खलनायक बाहेर आहे, त्याचं नाव ठरलेलं आहे. ‘साधासा चमत्कार’ मधला गुन्हेगार प्रेमळ आहे आणि घरातला आहे. सरकारं बदलल्यानं त्याचा प्रश्न मिटत नाही. सेन्सॉरच्या भीतीमुळं कला सखोल होते असा सिद्धांत मला मांडायचा नाही. त्या भीतीनं ‘ड्रॅगन’ सारखं नाटक कित्येक वर्षं कोंडून ठेवलं. एवढंच म्हणायचं आहे की टोमणा हा या चित्रपटाचा मसाला आहे, अन्न नाही.

तिसरा आक्षेप चित्रपटकलेच्या बाजूनं येतो, आणि तो सगळ्यात मजबूत आहे. हा चित्रपटच नव्हे, कॅमेऱ्यासमोर लावलेलं नाटक आहे, असं म्हणता येतं. लेनकोम या मॉस्कोतल्या नाट्यगृहाचे प्रमुख असलेल्या झाखारोव यांनी बराचसा चित्रपट स्टुडिओतच उभा केला. घरं घरांसारखी दिसत नाहीत, बर्फ बर्फासारखा वाटेलच याची खात्री नाही, माणसाचं अस्वल किंवा अस्वलाचा माणूस होताना एकदाही दिसत नाही. जादूची एवढी मोठी गोष्ट, आणि डोळे विस्फारावेत असं काहीच नाही. तुलनेला १९६४ चा चित्रपट आहे: नाटकाचे पहिले दिग्दर्शक एरास्त गारिन यांनीच पत्नी खेस्या लोकशिना यांच्यासोबत तो केला. मेयरहोल्ड यांच्या नाट्यगृहात घडलेले गारिन स्वतः त्यात राजा झाले. कृष्णधवल, तिरकस आणि श्वार्त्स यांच्या विनोदाशी इमानी असा तो चित्रपट जाणकारांना आजही आवडतो. त्यात राजा चित्रपट खाऊन टाकतो, हा त्याचा गुण आणि तीच त्याची मर्यादा. झाखारोव यांनी नाटकीपणा लपवण्याऐवजी त्याचाच आधार घेतला. इथं सगळं रचलेलं आहे हे प्रेक्षकाला दिसत राहिलं पाहिजे, तरच रचणाऱ्याकडं बोट दाखवता येतं. खराखुरा वाडा, खरं जंगल आणि खरं अस्वल दाखवलं असतं तर जादूगार हा गोष्टीतल्या अनेक पात्रांपैकी एक झाला असता. सेट सेटसारखा दिसतो म्हणून त्याची जबाबदारी डोळ्यांसमोर राहते. गेन्नादी ग्लादकोव यांचं संगीतही हेच करतं. ‘ब्रेमेनचे वादक’ या कार्टूनपटामुळं आधीच घराघरांत पोहोचलेले हे संगीतकार; त्यांची गाणी कथानक पुढं ढकलत नाहीत, क्षणभर सगळ्यांना थांबवून आपण गोष्टीत आहोत याची आठवण देतात. दूरचित्रवाणीच्या लहान पडद्याची मर्यादाही इथं पथ्यावर पडली. गर्दी आणि दृश्यांची श्रीमंती तिथं मावत नाही, चेहरे मावतात. लिओनोव यांचा ओशाळा चेहरा आणि यान्कोव्स्की यांचे पापणी न लवता बघणारे डोळे यांच्यासाठी तो पडदा पुरेसा आहे.

उरला शेवट, जिथं श्वार्त्स यांची गाडी इतकी वर्षं अडली होती. चुंबनानंतर अस्वल माणूसच राहतो, हे ऐकून कुणी म्हणेल की ही शुद्ध फसवणूक झाली. अट घालायची, अख्खं नाटक त्या अटीवर तोलायचं आणि गोड शेवटासाठी ती मोडून टाकायची. आक्षेप खरा ठरला असता, जर अस्वलाला आधी कुणी सांगितलं असतं की बाबा रे, घाबरू नकोस, काही होणार नाही. तसं कुणीच सांगत नाही, कारण कुणालाच माहीत नसतं, जादूगारालाही. अस्वल येतो तो जनावर व्हायच्या तयारीनं, शिकाऱ्याची बंदूक वाटेत असूनही. प्रेमानं त्याला इतकं वितळवून नव्यानं घडवलं की परत अस्वल होणं त्याला शक्यच उरलं नाही, असं स्पष्टीकरण मागाहून येतं, आणि ते जादूगार एखाद्या थक्क झालेल्या प्रेक्षकासारखं देतो. त्यानं केलेला चमत्कार मोडला तो त्याच्याच हातून घडलेल्या माणसानं, त्याला न विचारता. नाटकाच्या नावातला साधासा चमत्कार तो हाच. मंत्र नाही, फक्त एक माणूस किंमत माहीत असून पुढं झाला. पण अस्वलाचं कर्ज फिटलं म्हणून जादूगाराचं फिटत नाही. तो अमर आहे, त्याची बायको नाही. एक दिवस ती म्हातारी होऊन जाईल आणि तो मागं उरेल, हे दोघांनाही ठाऊक आहे, आणि त्यावर त्याच्याकडं कुठलाच मंत्र नाही. दुसऱ्यांसाठी शेवट लिहिणाऱ्याला स्वतःचा शेवट लिहिता येत नाही, तरी तो पुढची गोष्ट रचत राहणार. झाखारोव यांनी शेवटाकडं त्याच्या घराचा सेटच पेटवून दिला आहे. त्या आगीचा अर्थ नाटक संपल्यावर पसारा आवरणं असा लावणारे आहेत, लेखकाच्या एकटेपणाचं चित्र मानणारे आहेत. मला ती कर्जाच्या पावतीसारखी वाटते, आणि नववर्षाच्या पहिल्या दिवशी लोकांच्या करमणुकीसाठी लावलेल्या चित्रपटात ती शेवटपर्यंत ठेवायला दिग्दर्शक कचरला नाही, याचं मला जास्त कौतुक वाटतं.